मूठ तडकते कुठे आणि का?

प्रश्न : शिसमच्या मुठीची सुरी दोन पावसाळ्यांत रिवेटपाशी तडकली. क्रॉफर्ड मार्केटमधला दुकानदार म्हणतो, प्लॅस्टिक नको, जी-टेन घ्या, त्याच्याइतकं मजबूत काही नाही. खरंच एवढा फरक असतो का? — एक वाचक, दादर

उत्तर : नुसती ताणाची ताकद बघितली तर दुकानदार खोटं बोलत नाही. साध्या पॉलिप्रोपिलीन प्लॅस्टिकची ताकद 30 ते 35 मेगापास्कल (ओढून तुटेपर्यंत सोसलेल्या ताणाचं माप), महागड्या सुऱ्यांच्या काळ्या मुठीत असणाऱ्या अ‍ॅसिटलची 60 ते 70, आणि काचेचं कापड इपॉक्सीत दाबून केलेल्या जी-टेनची 250च्या वर. शिसमही लाकडाच्या रेषांच्या दिशेनं ओढलं तर या प्लॅस्टिकांना हार जात नाही. पण त्याच शिसमला रेषांच्या आडवं ओढा, दहावा हिस्साही ताकद उरत नाही. तुमची चीर रेषांच्या दिशेनंच, एका रिवेटकडून दुसऱ्याकडे गेली असणार.

लाकूड दमट हवेत फुगतं ते रुंदीला, लांबीला जवळजवळ नाहीच. आतली पात्याची शेपटी, म्हणजे टँग, मात्र फुगत नाही. पावसाळ्यात लाकूड रिवेटवर दाबलं जातं, हिवाळ्यात आकसतं आणि मध्ये फट पडते. सिंकमध्ये भिजत पडलेल्या सुरीचं पाणी त्या फटीत शिरतं आणि टँग गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, तो पाचरीसारखा मूठ उकलतो. त्यात कारखान्यात रिवेट जोरात ठोकलेला असला, तर भोकाच्या कडेला चिरेची सुरुवात आधीच झालेली असते.

म्हणून सुरी घेताना आधी टँग बघा. ती मुठीच्या टोकापर्यंत जाते का? मुठीच्या पाठीवर नख फिरवून पाहा, लाकूड आणि लोखंड यांच्यात नख अडकता कामा नये. टँग अर्ध्यातच संपत असेल, तर जी-टेन लावूनही फायदा नाही, पातंच हलायला लागेल. प्लॅस्टिकबद्दलचं दुकानदाराचं मत आम्हाला पटत नाही. टँगभोवती साच्यात ओतलेल्या मुठीला फटच नसते, त्यामुळे मुंबईच्या हवेत रोजच्या भाजीला ती शिसमपेक्षा कमी कटकटीची. फक्त गॅसच्या बर्नरजवळ ठेवू नका, पॉलिप्रोपिलीन 160 अंशांच्या आसपास वितळतं.

आहे तीच सुरी दुरुस्त करायची असेल, तर महाग जी-टेन शोधत बसू नका. लोहार चाळीच्या परिसरात इन्सुलेशनच्या सामानाच्या दुकानांत कापडी हायलम शीट मागा. सुती कापड फिनॉलिक रेझिनमध्ये दाबलेलं असतं, ताकद 70 मेगापास्कलच्या आसपास, आणि लाकडाच्या मानानं फुगतं अगदी कमी. पात्यावर आधी जाड टेप गुंडाळा. जुने रिवेट ड्रिलनं काढा, टँगवरचा गंज 80 नंबरच्या पॉलिश पेपरनं खरवडा, अ‍ॅसिटोननं पुसा आणि नंतर तिथे बोट लावू नका. रिवेटऐवजी बसवायच्या 5 मिमी पितळी सळईसाठी हायलममध्ये 5.1 मिमी भोक पाडा. 24 तासांत सुकणारं इपॉक्सी वापरा, पाच मिनिटांत सुकणारं ओलाव्यात लवकर सुटतं. क्लॅम्प बेताचाच आवळा, फार आवळलात तर गोंद सगळा बाहेर येतो आणि आत काही उरत नाही. घासताना मास्क लावा, पाणी मारत घासा. जी-टेन घासत असाल तर यात हयगय नकोच, ती धूळ काचेची असते.

प्रश्न : मी ससून डॉकला मासळी कापते. नवीन कोयत्याची गुळगुळीत मूठ हातातून निसटते. कसली मूठ बसवू? — एक मासळी विक्रेत्या

उत्तर : ताई, तुमच्या कामात पकड आधी, ताकद नंतर. चकचकीत पॉलिश केलेलं जी-टेन किंवा अ‍ॅसिटल माशाच्या तेलात साबणासारखं सटकतं. कापडी हायलमच घ्या, 220 नंबरच्या पेपरवर थांबवा, पॉलिश करू देऊ नका. कापडाची खरखर ओल्या हातालाही लागते. रिवेट पितळी नकोत, मिठाच्या पाण्यात हिरवे पडतात. 316 ग्रेडच्या स्टीलचे बसवा, तेही रोज गोड्या पाण्यानं धुवा. हाडं फोडायचा कोयता असेल तर टँग मुठीच्या टोकापार नेऊन मागून ठोकून बसवलेलीच हवी.

प्रश्न : लाकडी मुठीला खोबरेल लावलं तर चालेल? — एक वाचक, गिरगाव

उत्तर : नुकसान नाही, उपयोगही फारसा नाही. खोबरेल सुकत नाही, साबणानं धुऊन जातं. जवसाचं तेल सुकून थर धरतं. कोरड्या दिवसांत पातळ हात द्या, वीस मिनिटांनी पुसा, तीन-चार दिवस सुकू द्या, मग दुसरा हात. पुसलेलं फडकं चुरगाळून डब्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेटू शकतं. सपाट पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून मगच फेका.