२७ वर्षांचा फायबरग्लास स्विमिंग पूल: दुरुस्त करावा की काढून नवा बसवावा?

तुम्ही लिहिलंय ते असं: तळाला वाटाण्याएवढे फोड, पायऱ्यांच्या कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे, भिंतीवरून हात फिरवला की पांढरी भुकटी, आठवड्याला दोन बोटं पाणी उतरतं आणि खोल बाजूला एका जागी तळ पायाखाली दबतो. एक कंत्राटदार म्हणतो काढून टाका, दुसरा म्हणतो नवीन कोटिंग मारून देतो.

मी फायबरग्लासचं काम करतो. आधी होड्या आणि टाक्या, नंतर पूल. त्यामुळे माझा कल दुरुस्तीकडे असणार, हे धरूनच पुढचं वाचा.

आधी एक सांगतो. नुसतं बघायला म्हणून पूल रिकामा करू नका. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल पूलमध्ये ४८ टन पाणी असतं. रिकामं शेल, म्हणजे जमिनीत बसवलेलं फायबरग्लासचं अख्खं भांडं, जेमतेम टन-दीड टनाचं. त्याला जमिनीत दाबून धरतं ते आतलं पाणीच. बाहेर मातीत पाणी भरलेलं असताना तुम्ही आतलं उपसलंत, तर शेल होडीसारखं वर येतं, नाहीतर भिंती आत फुगतात. एका मालकांनी आम्ही सकाळी येणार म्हणून आदल्या रात्रीच पंप लावून पूल उपसून ठेवला, आम्हाला मदत म्हणून. आठवडाभर पाऊस झालेला. सकाळी खोल बाजूची कड फरशीच्या वीतभर वर आलेली आणि पाइप तुटून लोंबत होता. संध्याकाळपर्यंत तो पूल दुरुस्तीचा होता, सकाळी बदलायचा झाला. उपसायची वेळ येईल तेव्हा बाजूच्या मातीतलं पाणी आधी काढावं लागतं आणि भिंतींना आतून टेकू द्यावे लागतात.

निर्णयापुरतं बरंचसं भरल्या पूलमध्येच कळतं.

पाण्यापासून सुरुवात करा. दोन बोटं म्हणजे साधारण ४ सेंटीमीटर, आणि ऊन-वारा असेल तर आठवड्याला एवढं पाणी नुसतं वाफ होऊन जाऊ शकतं. एक बादली पूलच्या पाण्याने भरून पायरीवर ठेवा, आतली आणि बाहेरची पातळी सारखी करा, दोन्हीकडे खूण करा. २४ तासांनी दोन्ही सारख्याच उतरल्या तर गळती नाहीच. पूल जास्त उतरला, तर हेच एकदा पंप चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून करा. पंप चालू असताना जास्त जात असेल तर संशय पाइपवर. शेलमध्येही गळती असते, पण मी पाहिलेल्या बहुतेक गळत्या पाइपच्या, नाहीतर स्किमर (पाण्यावरचा कचरा ओढून घेणारं भिंतीतलं तोंड) आणि शेलच्या जोडाच्या होत्या.

मग चारही कोपऱ्यांत कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. पाण्याइतकी खरी लेव्हल दुसरी नाही. फरक निघाला म्हणून लगेच घाबरू नका, बसवतानाच वाकडा बसलेला असू शकतो. भिंतीवर जुन्या पाण्याची डागाची रेषा दिसते ना? ती आजच्या पाण्याला समांतर असेल तर वाकडेपणा जुना आहे. तिरकी गेलेली असेल तर शेल नंतर हललंय. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची खूण हीच, आणि ती बघायला फार कुणी जात नाही.

फोडांमुळे लोक उगाच हाय खातात. वरचा जेलकोट, म्हणजे शेलवरचा गुळगुळीत रंगीत थर, असतो बोटाच्या नखाएवढा जाड. वर्षानुवर्षं पाणी त्यातून झिरपतं, आतल्या रेझिनमधले (काचेचे तंतू चिकटवून धरणाऱ्या राळेतले) विरघळणारे अंश त्यात उतरतात, ते द्रावण आणखी पाणी ओढतं आणि फोड येतो. पूल उपसल्यावर असा फोड टोचला तर व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. टोचताना चष्मा घाला, आतलं पाणी पिचकारीसारखं उडतं. फोड जेलकोटपुरते असतील तर घासून, धुऊन, वाळवून भरता येतात. खरा घोळ वाळवण्यात होतो. शेल आठवडेच्या आठवडे सुकावं लागतं. ओल्यावर कोटिंग मारलं की फोड परत येतात. कोटिंगवाल्याला एकच विचारा, किती दिवस सुकवणार आणि ओल कशाने मोजणार? चार दिवसांत काम उरकतो म्हणाला तर त्याला लांबूनच नमस्कार. मध्ये कुणी इपॉक्सी रंग लावला असेल तर तेही सांगा, कारण पॉलिएस्टर जेलकोट त्यावर नीट धरत नाही. रंग आधी पूर्ण उतरवावा लागतो.

भुकटी म्हणजे झिजलेला जेलकोट. दिसायला वाईट, बाकी काही नाही.

तड्यावरून नख फिरवा. जाळीसारखे, नख न अडकणारे तडे वरवरचे. एकच लांब तडा असेल, त्याची एक कड दुसरीपेक्षा वर असेल किंवा दाबल्यावर तो उघडझाप करत असेल, तर काच, म्हणजे जेलकोटखालचा काचेच्या तंतूंचा थर, तुटलेली आहे. तीही घासून, काचेच्या तंतूंच्या मॅटचे थर देऊन जोडता येते, पण मागे आधार असेल तरच. सुरुवातीला मी असाच एक तडा अगदी मन लावून जोडला होता. वर्षभरात माझ्याच थरातून तो पुन्हा उमटला, त्याच रेषेत. मागची माती वाहून गेली होती आणि पोकळ आवाज येतो का ते मी ठोकूनही पाहिलं नव्हतं.

म्हणून तुमच्या यादीत मला खटकतो तो फक्त दबणारा तळ. ती जागा किती मोठी आहे ते पायाने चाचपून कडेवर खुणा करून ठेवा आणि दोन महिन्यांनी पुन्हा बघा. काही शेल पहिल्यापासूनच थोडी लवचिक असतात. दबणारी जागा तेवढीच राहिली तर उपसल्यावर भोक पाडून खालची पोकळी भरून घेता येते. वाढत असेल आणि डागाची ती रेषाही तिरकी असेल, तर कोटिंगवर पैसे घालू नका, बदला.

बदलताना नवं शेल एकसंध येतं, म्हणजे ट्रक आणि क्रेनला वाट हवी. २७ वर्षांत तिथे भिंत, झाडं, वाढवलेली खोली आली असेल. जुनं तुकडे करून काढावं लागतं, वितळवून पुन्हा वापरता येत नाही. भोवतीची फरशी जातेच. मात्र बादलीच्या चाचणीत फरशीखालचे पाइप गळके निघाले आणि फरशी तशीही फोडावी लागणार असेल, तर बदलण्याचं पारडं बरंच जड होतं.

आत्ता एवढ्यावरून विचाराल तर मी दुरुस्ती म्हणेन. पण डागाची ती रेषा बघून इथेच कळवा, मग नक्की सांगतो.