पेडल काय सांगते? जुन्या गाड्यांच्या ब्रेकबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत ब्रेकच्या पेडलबद्दलचे प्रश्न सर्वांत जास्त आहेत, म्हणून सदर त्यालाच दिले आहे. ॲम्बॅसेडर, पद्मिनी यांसारख्या जुन्या गाड्यांत ब्रेकचे सर्किट बहुधा एकच असते. एक पाइप फुटला किंवा एका चाकाचा रबर कप फाटला, तर चारही चाकांचा ब्रेक जातो. पेडलच्या चालीत झालेला बदल लहान वाटला तरी कारण सापडेपर्यंत गाडी बाहेर काढू नका.

प्रश्न : १९७२ ची ॲम्बॅसेडर मार्क २ आहे. पहिल्यांदा दाबल्यावर पेडल जवळजवळ तळाला जाते. लगेच दुसऱ्यांदा दाबले की वर येते आणि ब्रेक नीट लागतो. गॅरेजवाले मास्टर सिलिंडर बदला म्हणतात. बदलावा का? — एक वाचक, कराड

आत्ता नको. दुसऱ्या दाबाला पेडल वर येऊन तिथेच घट्ट राहत असेल, तर मास्टर सिलिंडर (पेडलने चालणारा, ऑइलला दाब देणारा मुख्य पंप) दाब तयारही करतो आहे आणि धरूनही ठेवतो आहे. पहिल्या दाबातले सगळे ऑइल शू (लायनर चिकटवलेल्या कमानी) चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमपर्यंत नेण्यातच खर्ची पडते. शू पुरते मागे जाण्याआधी दुसरा दाब आला की मागून भरलेले ऑइल कामी येते आणि पेडल वरच थांबते. म्हणजे लायनर आणि ड्रम यांच्यातले अंतर वाढले आहे.

कोणत्या बाजूचे, हे पाने न काढताही कळते. गाडी सपाट जागेवर ठेवा, चाकांना ठोकळे लावा, हँडब्रेक पूर्ण ओढा आणि मग पेडल दाबा. पहिल्याच दाबाला ते बरेच वर लागले, तर ढिलाई मागच्या शूंची आहे, कारण हँडब्रेकने ते आधीच ड्रमला टेकवलेले असतात. फरक पडला नाही तर पुढची चाके पाहा.

ॲम्बॅसेडर ज्यातली आहे त्या मॉरिस घराण्याच्या, लॉकहीड कंपनीच्या ब्रेकमध्ये पुढच्या प्रत्येक चाकाला दोन ॲडजस्टर (शूचे अंतर जुळवणारे स्क्रू) असतात, मागच्याला एक. पुढचा एकच ॲडजस्टर आवळून दुसरा विसरणे ही फार वेळा होणारी चूक आहे. चाक उचलून गाडी घोडीवर (पक्क्या स्टँडवर) टेकवा, नुसत्या जॅकवर काम करू नका. हबकॅप काढा. चाक फिरवून त्याचे भोक ॲडजस्टरच्या खाचेसमोर आणा आणि चपट्या स्क्रूड्रायव्हरने चाक जाम होईपर्यंत घड्याळाच्या दिशेने फिरवा. मग पेडल एकदा जोरात दाबून सोडा, म्हणजे शू आपल्या जागी बसतात. पुन्हा जाम होईपर्यंत आवळा आणि एक खाच मागे घ्या. चाक हाताने मोकळे फिरले पाहिजे, हलकी घासण ऐकू आली तरी चालेल.

मागच्या चाकांना हात लावण्यापूर्वी हँडब्रेक पूर्ण सोडा आणि केबलही ढिली करा. पुष्कळ गाड्यांत लायनर झिजला की केबलच ताणली जाते. तसे केले की मागचे शू विश्रांतीच्या जागेवर परत जातच नाहीत आणि ॲडजस्टर फिरवून जुळवलेले अंतर खोटे ठरते. आधी शू, मग केबल, हा क्रम उलटू नका.

ॲडजस्टर शेवटापर्यंत जाऊनही चाक जाम होत नसेल तर ड्रम काढा. लायनर रिव्हेटच्या डोक्याजवळ आलेला असेल, नाहीतर ड्रम लेथवर वारंवार घेऊन मोठा झालेला असेल. मोठ्या ड्रममध्ये नवा शू फक्त मधोमध टेकतो. दाब वाढला की तो वाकतो, आणि ब्रेक ऑइलमध्ये हवा शिरल्यासारखे पेडल मऊ लागते. अशा वेळी कितीही वेळा एअर (पाइपातली हवा) काढली तरी फरक पडत नाही. ड्रमच्या आत खडू फासून शू फिरवा. खडू फक्त मध्यावर उमटला, तर लायनर त्या ड्रमच्या गोलाईनुसार घासून घ्यावा लागेल.

प्रश्न : प्रीमियर पद्मिनी. सिग्नलला पाय ठेवून थांबले की पेडल सावकाश खाली जाते. पाय जोरात दिला तर मात्र टिकते. ऑइलची पातळी कमी होत नाही. — एक वाचक, डोंबिवली

हा मात्र मास्टर सिलिंडरच. आतल्या मुख्य रबर कपची कड झिजली आहे किंवा सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचे खड्डे पडले आहेत. दाब जास्त असला की तोच दाब कपची कड भिंतीवर पसरवून धरतो आणि कप ऑइल अडवतो. हलक्या पायाला कड सैल राहते आणि ऑइल कपवरून मागे सरकते. ते सिस्टिमच्या बाहेर जात नाही, म्हणून पातळी तशीच दिसते. म्हणून तपासताना इंजिन बंद ठेवून पेडल मुद्दाम हलकेच, मिनिटभर दाबून धरा. जोर लावून घेतलेली चाचणी हा दोष लपवते.

तरीही किट (नव्या रबर कपांचा संच) आणण्यापूर्वी चारही चाकांच्या बॅकप्लेटची (शू ज्यावर बसतात त्या पत्र्याची) आतली बाजू पाहा. व्हील सिलिंडरचे (चाकातल्या, शू ढकलणाऱ्या सिलिंडरचे) रबरी बूट अलगद उचला. आत थोडी ओल चालते, थेंब गळला तर तो सिलिंडरही कामाला घ्यावा लागेल. ड्रम काढलेला असताना पेडल कोणालाही दाबू देऊ नका, पिस्टन बाहेर येतो.

मास्टर सिलिंडर उघडल्यावर त्याची भिंत स्पिरिटने पुसा आणि उजेडासमोर धरून नख फिरवा. पेट्रोल, रॉकेल, डिझेल यांपैकी काहीही वापरू नका, त्याने नवे रबर फुगते. नुसते डाग असतील तर हलके होनिंग (भिंत बारीक घासून गुळगुळीत करणे) पुरते. नख अडकेल असा खड्डा असेल तर नवा कप काही आठवड्यांत फाटेल. सिलिंडर बदला, किंवा चांगल्या लेथवाल्याकडून मूळ मापाची स्लीव्ह (आतली नवी नळी) बसवून घ्या. नवे कप बसवताना फक्त ताजे ब्रेक ऑइल लावा, ग्रीस नाही.

किट घेताना पाकिटावरची तारीख पाहा. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये संपल्या. आज मिळणारे किट वर्षानुवर्षे दुकानात पडून राहिलेले असू शकते. कप बोटांत दाबून उलटा करून पाहा, कडेला बारीक भेगा दिसल्या तर पाकीट परत करा.

आणखी एक. जुन्या मास्टर सिलिंडरवर एअर काढताना पेडल कधीही तळापर्यंत दाबू नका. रोजच्या वापरात पिस्टन नळीच्या निम्म्याच भागात फिरतो, पुढच्या भागात गंज आणि गाळ साचलेला असतो. पेडल तळाला गेले की कप त्या गंजावर घासतो आणि कालपर्यंत चालणारा सिलिंडर आज निकामी होतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवून चाल अडवा.

प्रश्न : पद्मिनीच. सुरुवातीला ब्रेक उत्तम. आठ-दहा किलोमीटरनंतर पेडल वर-वर आणि कडक होत जाते, गाडी ओढत नाही, चाके तापतात. तासभर थांबलो की सगळे ठीक. अलीकडेच मास्टर सिलिंडर बदलला आहे. — एक वाचक, रत्नागिरी

मास्टर सिलिंडर बदलल्यानंतर सुरू झाले, यातच उत्तर आहे. पेडल सोडल्यावर पिस्टन पूर्ण मागे आला, तरच कपच्या पुढचे एक अतिशय बारीक छिद्र उघडे होते आणि चाकांकडचे जादा ऑइल ब्रेक ऑइलच्या टाकीत परत जाते. पुशरॉड (पेडलचा जोर पिस्टनला देणारा दांडा) लांब बसला असेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि छिद्र झाकलेले राहते. ब्रेकच्या उष्णतेने ऑइल फुगते, त्याला परतीची वाट नसते, म्हणून शू ड्रमला दाबून राहतात. त्याने उष्णता आणखी वाढते.

पेडल हाताने दाबून पाहा. पुशरॉड पिस्टनला टेकण्यापूर्वी थोडी मोकळी चाल जाणवलीच पाहिजे. पुशरॉडच्या टोकाशी ती साधारण अर्धा ते एक मिलिमीटर असते, पेडलच्या टोकाला त्याच्या काही पट. आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा प्रमाण माना. चाल नसेल तर चेकनट सैल करून पुशरॉड आखूड करा आणि चेकनट पुन्हा आवळा. पेडलचा परतीचा स्प्रिंग आणि पिव्हटचा बुशही पाहा. कोकणातल्या दमट हवेत बुश गंजून पेडल शेवटचे काही मिलिमीटर मागे येत नाही, आणि परिणाम तोच होतो.

चाल बरोबर असेल तर दोष कुठे अडकला आहे ते शोधा. चाके जाम झालेली असतानाच मास्टर सिलिंडरवरचा पाइपचा नट किंचित सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाके सुटली, तर दोष मास्टर सिलिंडरचा किंवा पुशरॉडचा. सुटली नाहीत, तर जाम चाकाचा ब्लीडर निपल (हवा काढायची तोटी) सैल करा. आता सुटले तर मधला रबरी होज आतून सुजून बंद झाला आहे. बाहेरून तो नवा दिसला तरी बदला. तेव्हाही सुटले नाही, तर व्हील सिलिंडरचा पिस्टन गंजून अडकला आहे किंवा शूचे परतीचे स्प्रिंग मेले आहेत. गरम ऑइल डोळ्यांत आणि रंगावर उडू देऊ नका. सांडले तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग सुटतो. सैल केलेले सगळे पुन्हा आवळून, एअर काढूनच गाडी हलवा.

तिसरी शक्यता सर्वांत खर्चाची. टाकीत कोणी इंजिन ऑइल, गिअर ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचे ऑइल टाकले असेल, तर रबर फुगून छिद्र झाकते. टाकीच्या झाकणाखालचे रबर सैल, मोठे, चिकट झालेले दिसले तर तेच समजा. इथे नुसते ऑइल बदलून भागत नाही. पाइप स्पिरिटने धुऊन प्रत्येक कप, प्रत्येक होज नवा टाकावा लागतो.

प्रश्न : पुढचे चारही व्हील सिलिंडर नवे टाकले. लिटरभर ऑइल घालवले तरी पेडल स्पंजसारखेच. — एक वाचक, नागपूर

ज्या ब्रेकला पुढे प्रत्येक चाकाला दोन सिलिंडर असतात, तिथे पहिला संशय डाव्या-उजव्याची अदलाबदल. निपल खालच्या बाजूला गेला तर हवा वरच्या कोपऱ्यात अडकून बसते आणि ती कधीच निघत नाही. निपल सर्वांत वर असला पाहिजे.

तो बरोबर असेल तर सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा. उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीत सहसा मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे. निपलवर पारदर्शक नळी चढवून तिचे टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. पेडल सावकाश दाबा, निपल आवळा, मगच पेडल सोडा. भराभर पंप मारल्याने हवेचा फेस होतो आणि तो बाहेर यायला फार वेळ लागतो. टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. मास्टर सिलिंडर गाडीच्या फ्लोअरखाली असलेल्या गाड्यांत तर एकाने फक्त टाकीकडेच पाहावे, ती एकदा रिकामी झाली की सगळे काम पहिल्यापासून. बाटलीत आलेले ऑइल परत भरू नका.

प्रश्न : काँटेसा. पेडल दगडासारखे कडक, पण गाडी थांबत नाही. — एक वाचक, नाशिक

व्हॅक्यूम बूस्टर (इंजिनाच्या ओढीने पायाचा जोर वाढवणारा डबा) तपासा. इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा पेडल दाबा म्हणजे साठलेला व्हॅक्यूम संपेल. शेवटच्या वेळी दाबूनच ठेवा आणि इंजिन सुरू करा. बूस्टर चांगला असेल तर पेडल पायाखाली थोडे खाली जाते. गेले नाही, तर आधी इंजिनाच्या मॅनिफोल्डपासून (हवा आत नेणाऱ्या भागापासून) येणारी रबरी नळी आणि तिच्यातला एकदिशा व्हॉल्व्ह पाहा. नळी तडकलेली असणे हे बूस्टर बिघडण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा आढळते, आणि तिला खर्च फारच थोडा.

दुसरी चाचणी : इंजिन चालू असताना पेडल दाबा, तसेच धरून इंजिन बंद करा. अर्धा मिनिट पेडल जागेवर राहिले पाहिजे. पाय वर ढकलला गेला तर कुठून तरी व्हॅक्यूम सुटतो आहे.

ऑइल कमी होते, गळती कुठेच नाही आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, ही तीन लक्षणे एकत्र आली तर मास्टर सिलिंडरचे मागचे सील गेले आहे आणि इंजिन बूस्टरमधून ब्रेक ऑइल ओढते आहे. मग दोन्ही उघडावे लागतील.

प्रश्न : ब्रेक मारला की पेडल पायाखाली थरथरते. — एक वाचक, कोल्हापूर

ड्रम गोल राहिलेला नाही. तापलेल्या गाडीला घट्ट हँडब्रेक लावून ठेवणे, चाकाचे नट एका बाजूने आवळणे, ही नेहमीची कारणे. लेथवर घ्या, पण ड्रमवर कोरलेली किंवा मॅन्युअलमधली कमाल मापाची मर्यादा ओलांडू नका. एका ॲक्सलचे दोन्ही ड्रम सारख्याच मापाचे करून घ्या, नाहीतर गाडी एका बाजूला ओढेल.

प्रश्न : इंग्लंडमध्ये राहतो. मॉरिस मायनर आहे. इथे बरेच जण सिलिकॉन ब्रेक फ्लुइड वापरतात. भरावे का? — एक वाचक, लेस्टर

वर्षातले बरेच महिने गाडी उभीच राहत असेल तर विचार करण्यासारखे आहे. डॉट ५ (डॉट ही ब्रेक ऑइलची वर्गवारी) सिलिकॉन हवेतला ओलावा शोषत नाही आणि रंगही खात नाही. पण आत शिरलेले पाणी त्यात मिसळत नसल्याने खालच्या कोपऱ्यात साठते आणि तिथेच गंज धरते. बुडबुडे त्यात बराच वेळ टिकतात, पेडल किंचित मऊ लागते. ब्रेक लाइटचा स्विच ऑइलच्या दाबावर चालणारा असेल तर सिलिकॉनमुळे तो बंद पडल्याच्या तक्रारी नेहमीच्या आहेत, भरल्यावर दिवा पुन्हापुन्हा तपासत राहा.

जुन्या ऑइलमध्ये सिलिकॉन मिसळून चालत नाही. बदलायचे तर सगळे रबर नवे घालतानाच बदला. डॉट ५.१ हे नाव सारखे असले तरी साधारणपणे ते सिलिकॉन नसते, डॉट ३ आणि ४ यांच्याच जातीचे असते. नियमित चालणाऱ्या गाडीत डॉट ४ भरून दर दोन वर्षांनी पूर्ण बदलणेच बरे. कोरड्या डॉट ४ चा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ३.७ टक्के पाणी मुरल्यावरची किमान मर्यादा १५५ अंशच आहे. लांब उतारावर असे ऑइल उकळले की वाफ धरते आणि पेडल एकदम तळाला जाते.

मायनरचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली चॅसीच्या आत आहे. तो काढताना बोल्ट टॉर्शन बारला (स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्याला) अडतात. तेवढे काम करायचेच आहे, तर त्याच वेळी नवे कप आणि सगळे होज उरकून घ्या.