खाजण, खार की पाणथळ? अर्जात कोणता शब्द लिहायचा

धरमतर खाडीकाठचे 18 गुंठे, सातबारावर 'खाजण', बांधाला खांड गेलेली (म्हणजे बांध फुटून भगदाड पडलेलं), आणि दुरुस्तीच्या अर्जात 'पाणथळ' लिहू की 'दलदल'? तुमचा प्रश्न वाचून आधी कपाळाला हात लावला. दोन्ही लिहू नका. 'पाणथळ' या एका शब्दाने माझं सगळ्यात जास्त नुकसान केलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

दलदल ही जमिनीची अवस्था. पाय रुतला की दलदल, मग ती ओहोटीच्या खाडीत असो की पावसातल्या खाचरात. पाणी खारं की गोडं, ते त्यातून कळत नाही. आतून झरे फुटून ओली राहते ती उपळट. चिबड हा घाटावरचा शब्द, कालव्याच्या पाण्याने बिघडलेल्या जमिनीचा. तो इथे नको. पाणलोट तर साफ वेगळा: पावसाचं पाणी ज्या क्षेत्रातून एका ओढ्याकडे येतं ते सगळं क्षेत्र, डोंगरासकट. तरी लोक पाणथळच्या जागी पाणलोट ठोकून देतात.

खाजण आणि खार यांत मात्र गल्लत करू नका. भरतीचं पाणी जिच्यावर चढतं ती खाडीकाठची जमीन म्हणजे खाजण. तिला बांध घातला, उघाडी (पाणी सोडायचं झडपेचं दार) बसवली, खारं पाणी बाहेर ठेवून भात घेतलं की ती खार. उघाडीची झडप भरतीच्या दाबाने मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. झडपेत ओंडका अडकला किंवा खेकड्यांनी बांध पोखरला, तर खांड जायला पौर्णिमेचं एक उधाण पुरतं. बोलण्यात दोन्हींना खाजणच म्हणतात आणि जुन्या नोंदींतही सरमिसळ असते. म्हणून सातबारावरच्या त्या एका शब्दावर विसंबू नका. पीकपाहणीत भाताची नोंद किती वर्षं आहे ते आधी काढा.

आता ती चूक. 'पाणथळ' हा सरकारदरबारी 'वेटलँड'चा प्रतिशब्द आहे. 1971 च्या रामसर कराराची (पाणथळ जागा जपण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार) व्याख्या ऐसपैस: ओहोटीला 6 मीटरपर्यंत खोल असलेला समुद्र, भातखाचर, मिठागर, सगळं तिच्यात बसतं. आपल्याकडचे 2017 चे पाणथळ नियम मात्र नदीपात्र, भातशेती आणि मिठासाठी बांधलेल्या जागा वगळतात, शिवाय सीआरझेडखालच्या (किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांखालच्या) क्षेत्राला लागूच होत नाहीत. म्हणजे तुम्ही भोळेपणाने 'पाणथळ' लिहिता आणि टेबलावरचे साहेब वर न बघता म्हणतात, "मग हे आमचं नाही." दुसरीकडे गेलात की "भातशेती आहे ना? मग आमचंही नाही." कायदा वाचायची तसदी कुणी घेत नाही, आणि शब्द बदलून द्यायला पुन्हा नवा अर्ज. (कार्यालयाचं नाव घेत नाही. ज्यांनी खेटे घातलेत त्यांना कळेल.)

एवढ्यात खांडीतून शेतात रोज दोनदा भरती शिरते आणि तिवरं (खाऱ्या पाण्यात वाढणारी कांदळवनाची झाडं) रुजतात. खरा घात तिथे होतो. 2018 च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर मालकी कुणाचीही असो, क्षेत्र कितीही असो, कांदळवन तोडता येत नाही आणि त्याच्याभोवती 50 मीटरांत बांधकाम करता येत नाही. सातबारावर खाजण असो की खार, फरक पडत नाही. म्हणून एक रोपही उपटू नका, गड्यालाही तशी ताकीद द्या.

अर्जात सरळ लिहा: 'खारबांधाआतील भातशेती, सातबारावरील नोंद खाजण, गट क्रमांक अमुक, बांधास अमुक मीटर लांबीची खांड.' उधाणाची तारीख टाका. एकाच जागेवरून भरतीचा आणि ओहोटीचा असे दोन फोटो जोडा. बांध सरकारी योजनेतला की खाजगी, हे आधी विचारून घ्या. सरकारी असेल तर 1979 च्या खारजमीन विकास कायद्याचा उल्लेख करा. मी वकील नाही, तेव्हा सीआरझेडचा नकाशा जाणकाराला दाखवूनच पुढे जा.

जाता जाता: खांड बुजली तरी लगेच पेरू नका. पावसाचं पाणी दोन-तीनदा साठवून उघाडीतून सोडा, मीठ धुऊन जाईल. मग पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचं खारं सोसणारं बियाणं घ्या, पनवेल 1, 2 किंवा 3. घरचा राता (खारीतलं जुनं तांबडं भात) शिल्लक असेल तर थोडा तोही पेरा.