रात्री आठची कडी

“मॅडम, तिथे ठेवलं तर ती आणखी बिघडणार नाही ना?”

मी मानसोपचार वॉर्डमध्ये मुलांचं समुपदेशन करते. गेल्या पंधरवड्यात हा प्रश्न मला तिघांनी विचारला. दोन आया आणि एक वडील. वडिलांचा फोन रविवारी दुपारी आला, तोही घराबाहेर रस्त्यावर उभं राहून केलेला. मुलगी सतरा वर्षांची. डॉक्टरांनी दाखल करायला सांगितलंय आणि घरात दोन दिवस कुणी धड जेवलेलं नाही. आजी म्हणते, “पोरीला वेड्यांच्या इस्पितळात टाकणार का?” वडिलांच्या डोळ्यांपुढे शॉक, साखळदंड, बंद खोल्या.

ही भीती खुळी नाही. ऑगस्ट 2001 मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीच्या एका आश्रमाला आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेल्या 28 मनोरुग्णांचा जीव गेला. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळ्यांना बंदी घातली, भूल न देता शॉक देण्यालाही. पूर्वी मी असे फोन आले की ही कलमं सांगायचे. पलीकडचा माणूस “हो, हो” म्हणायचा आणि मुलाला दाखल करायचा नाही. हल्ली मी तन्मयबद्दल सांगते. (नाव आणि गाव बदललं आहे. दोन-तीन मुलांचे तपशीलही यात मिसळले आहेत.)

तन्मय पंधरा वर्षांचा. रात्र-रात्र झोप नाही, घरात तोडफोड, आणि एका पहाटे तो विहिरीच्या काठावर बसलेला सापडला. त्याला आणलं ते “डोळे तपासायला जायचंय” असं सांगून. वॉर्डच्या जाळीच्या दारातून आत आल्यावर त्याला कळलं, की इथे डोळ्यांचा डॉक्टर नाही. मग झडती झाली. मोबाईल, पट्टा, पायजम्याची नाडी काढून घेतली. या वस्तू काढाव्याच लागतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण पंधरा वर्षांचा मुलगा दोन्ही हातांनी पायजमा सावरत कॉटपर्यंत चालत गेला, आणि तेव्हा त्याच्याशी एक शब्दही कुणी बोललं नाही. मीही तिथेच होते. केस पेपर वाचत होते.

तिसऱ्या रात्री त्यानं वॉर्डमधल्या एका मामांच्या, म्हणजे पुरुष मदतनीसांच्या, हाताचा चावा घेतला. चार जणांनी धरलं, इंजेक्शन दिलं. सकाळच्या हँडओव्हरमध्ये वाक्य आलं : “गोळी घ्यायला विरोध. हिंसक. लक्ष वेधण्याचा प्रयत्न.” हे शेवटचं कुणी उच्चारलं की माझ्या कपाळाला आठी पडते. मूल लक्ष वेधत असेल तर लक्ष द्यावं, इतकी साधी गोष्ट आहे.

पण त्या आठवड्यात माझं स्वतःचंही काही बरं चाललेलं नव्हतं. पाचवी ते सातवी तो एका निवासी शाळेत होता आणि सातवीतून आईनं त्याला मध्येच घरी आणलं, एवढं मला कळलं होतं. मला वाटलं, दोरा सापडला. दुसऱ्याच भेटीत मी विचारलं, “होस्टेलला काय झालं होतं, सांगशील?” आवाज मऊ ठेवला होता, पुढे झुकले होते, पुस्तकात असतं तसं सगळं. तन्मयनं भिंतीकडे तोंड केलं. पुढचे दोन दिवस माझ्याशी एक अक्षर बोलला नाही.

वीस वर्षं हे काम केल्यावर आपल्याला वाटू लागतं, की आपण विचारलं की माणसं सांगतात. ते खरं नसतं.

वॉर्डमधल्या एका मावशींमुळे गाडी रुळावर आली. जिना उतरताना त्या सहज म्हणाल्या, “मॅडम, त्यो पोरगा दिवसा गाय हाये. तिन्हीसांजेलाच काय होतं त्याला?”

मी परत वर गेले आणि सिस्टरांचं रिपोर्ट बुक मागून घेतलं. सात दिवसांत सहा प्रसंग. त्यातले पाच रात्री आठ ते सव्वाआठच्या मध्ये. आठ ही गोळ्यांची वेळ, म्हणून “गोळी घ्यायला विरोध” हे निदान कुणालाच खटकलं नव्हतं. डॉक्टरांना विनंती केली, दोन दिवस त्याची गोळी साडेसातला देऊन पाहू या. त्यांनी भुवई उंचावली, पण हो म्हणाले. साडेसातला तन्मयनं गोळी घेतली, पाणी प्यायला, ग्लास परत दिला. आणि आठ वाजता कॉटची लोखंडी कड धरून थरथरायला लागला.

मी दारापाशी उभी होते, म्हणून मला ऐकू आलं. आठला ड्यूटी बदलते. दिवसाचे मामा बाहेर पडतात, जाळीचं दार खरखरत सरकतं, कडी पडते, कुलूप लागतं. लोखंडावर लोखंड. इतकी वर्षं त्या वॉर्डमध्ये जात होते, हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

मग माझीच जुनी वही काढली. पहिल्या भेटीत आईनं सांगितलेलं त्यात माझ्याच अक्षरात होतं : “तिथून आल्यापास्नं घरात दार लावू देत नाही. न्हाणीचंसुद्धा.” मी ते लिहून घेतलं होतं आणि पुढचा प्रश्न विचारला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्यापाशी बसले. समोर नाही, शेजारी, दोघांची तोंडं दाराकडे. होस्टेलचा विषय काढायचा नाही हे ठरवूनच गेले होते.

“मी परवा तुला एक प्रश्न विचारला. तो चुकला माझा. तू ते कधीच सांगितलं नाहीस तरी चालेल.”

गप्प.

“मला दुसरंच विचारायचंय. हे दार रात्री कोण लावतं?”

बराच वेळानं, “मामा.”

“आणि उघडतं कोण?”

“म्हायती नाय.”

“सकाळी सहाला सिस्टर उघडतात. मध्ये काही लागलं तर त्याच उघडतात. किल्ली त्यांच्या टेबलाच्या डाव्या खणात असते. कुलूप आतून आहे, तन्मय. सिस्टर आपल्याबरोबर आत असतात रात्रभर.”

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “आतून?”

“आतून. चल, बघ.”

आम्ही उठून दारापर्यंत गेलो. त्यानं कुलपाला हात लावला नाही. फक्त वाकून पाहिलं, कडी कुठल्या बाजूला आहे ते. सात दिवस जिथे राहिला त्या जागेचं दार कोणत्या बाजूनं बंद होतं, हे त्या मुलाला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्यासकट कुणीच नाही.

मग तो म्हणाला, “कडी मी लावू?”

मी या क्षेत्रात जे काही शिकले त्यातला मोठा भाग त्या तीन शब्दांत होता, असं म्हटलं तर कुणाला अतिशयोक्ती वाटेल. मी “हो” म्हणाले नाही, कारण ते माझ्या हातात नव्हतं. खोटं आश्वासन या मुलांना बरोबर ओळखू येतं. “विचारते आणि सहा वाजेपर्यंत काय ते सांगते” असं म्हणाले. इन्चार्ज सिस्टर आधी तयार नव्हत्या. उद्या सगळीच मुलं दाराशी रांग लावतील, काही झालं तर उत्तर कोण देणार? त्यांचं चूक नव्हतं. रात्री बारा मुलांमागे एक सिस्टर आणि एक मावशी असते, हे समुपदेशनाच्या खोलीत बसून विसरायला होतं. अखेर ठरलं ते असं : आठला पाच कमी असताना सिस्टर त्याला नावानं हाक मारतील. कडी तो सरकवेल, कुलूप त्या लावतील, आणि किल्ली खणात टाकताना त्याला दाखवतील. पावणेसहाला मी त्याला तसं सांगितलं.

त्या रात्री मी मुद्दाम थांबले. हाक आल्यावर तो उठला, कडी सरकवली, काढली, पुन्हा सरकवली. सिस्टर काही न बोलता कुलूप हातात धरून उभ्या राहिल्या. त्यांच्याबद्दलचा माझा आदर त्या अर्ध्या मिनिटात दुणावला. तो चौथ्यांदा कडी सरकवून बाजूला झाला. पुढच्या अकरा रात्रींत एकच प्रसंग झाला, तोही बदली सिस्टर हाक मारायला विसरल्या तेव्हा.

औषधांचं श्रेय मी काढून घेत नाही. झोप त्यांनीच परत आणली. पण गोळी घेणारा हात कडीमुळे सैल झाला, हे आमच्या डॉक्टरांनीही मान्य केलं, आणि ते सहजी मान्य करणाऱ्यांतले नाहीत.

होस्टेलमध्ये काय झालं होतं? मला आजही माहीत नाही. पूर्वी मला हे अपयश वाटलं असतं. अमेरिकेत फेलिटी आणि आंडा या डॉक्टरांनी हजारो प्रौढांना बालपणातल्या आघातांबद्दल विचारलं आणि त्याचा संबंध पुढच्या आजारपणांशी दाखवला. 1998 साली ते प्रसिद्ध झालं. त्यानंतर आमच्या व्यवसायात ‘तुला झालंय काय’ऐवजी ‘तुझ्या बाबतीत घडलं काय’ असं विचारण्याची पद्धत रुळली. प्रश्न चांगलाच आहे. पण आमच्यातल्या अनेकांना त्याचं उत्तर मिळवण्याची घाई झाली. मलाही झाली. 2001 मध्ये मॅक्सिन हॅरिस आणि रॉजर फॅलॉट या मानसशास्त्रज्ञांनी एक वेगळी गोष्ट मांडली होती : आघातावरचे उपचार निराळे आणि आघाताचं भान असलेली जागा निराळी. उपचार तज्ज्ञानं करायचे, योग्य वेळी. भान मात्र दार लावणाऱ्या मामांपासून जेवण वाढणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांनी ठेवायचं, आणि त्यासाठी मुलाची कहाणी ठाऊक असण्याची गरज नसते. तन्मयच्या अंगाला तो आवाज आठवत होता. त्याच्या जिभेला आठवण्याची सक्ती आम्ही का करावी?

मुलं आपणहून सांगतात तेव्हाही मी आधी स्पष्ट करते, की काही गोष्टी मला स्वतःपाशी ठेवता येणार नाहीत. लैंगिक अत्याचाराबद्दल कळलं तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवावंच लागतं. हे बोलण्याआधी सांगायचं, नंतर नाही. नंतर सांगणं म्हणजे पुन्हा एकदा “डोळे तपासायला जायचंय”.

आणि इथे मला आईबाबांशी थोडं कडक बोलायचंय. दाखल करताना मुलाला बसणारा पहिला धक्का बहुतेक वेळा वॉर्ड देत नाही, घरचे देतात. मामाकडे जाऊ, आधार कार्डाचं काम आहे, असं सांगून मुलं आणली जातात. सत्य सांगितलं तर येणार नाही ही भीती मला कळते. काही वेळा तो येणारही नाही, आणि जिवाला धोका असेल तर त्याच्या मनाविरुद्ध आणावं लागेल. तरीही सांगून आणा. “तुला राग येईल, तरी आम्ही तुला दवाखान्यात नेतोय, कारण आम्हाला तुझ्या जिवाची काळजी वाटते” हे वाक्य फसवणुकीपेक्षा कितीतरी बरं. पुढे महिनाभर त्याला ज्यांच्यावर विश्वास ठेवायचाय ती माणसं तुम्हीच आहात.

कारण तुम्ही तिथे असणार आहात. अठरा वर्षांखालच्या मुलाला दाखल केलं तर पालकानं किंवा पालकानं नेमलेल्या माणसानं पूर्ण काळ त्याच्याबरोबर राहायचं, असं 2017 चा कायदाच सांगतो. मुलीसोबत बाई असलीच पाहिजे. मुलांची सोय मोठ्या रुग्णांपासून वेगळी हवी. पुष्कळ पालकांना हे ठाऊकच नसतं, त्यांना वाटतं मूल सोपवून यायचं. इंग्लंडमध्ये एके काळी खरंच तसं होतं. मुलांना इस्पितळात ठेवलं की आईबापांना ठरावीक वेळीच भेट. जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी या मनोविश्लेषकांनी त्या मुलांचं निरीक्षण करून दाखवलं, की काही दिवसांनी ती शांत होतात ते रुळली म्हणून नव्हे, आशा सुटली म्हणून. इस्पितळातल्या मुलांबद्दलच्या 1959 च्या सरकारी प्लॅट अहवालानंतर ते दरवाजे हळूहळू उघडले. माझी सगळी जडणघडण बोल्बींच्या विचारांवर झाली आहे, त्यामुळे मी पक्षपाती आहे हे कबूल. पण आई कॉटच्या पायथ्याशी सतरंजी टाकून झोपलेली असताना मूल लवकर शांत होतं, हे बघायला बोल्बी लागत नाहीत.

वॉर्ड बघायला जाल तेव्हा गाद्या आणि फरशी बघू नका. विचारा, की मूल आवरेनासं झालं तर तुम्ही आधी काय करता, आणि त्यानंतर काय करता. एकट्याला कोंडून ठेवायला कायद्यानं मनाई आहे. बांधायचं तर दुसरा काहीच उपाय उरला नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीनं आणि गरजेपुरतंच. शिक्षा म्हणून कधीच नाही. त्याची नोंद व्हायला हवी आणि 24 तासांच्या आत घरच्यांना कळवायला हवं. “आमच्याकडे असं कधी होतच नाही” म्हणणाऱ्यांपेक्षा “गेल्या महिन्यात एकदा करावं लागलं, नंतर आम्ही मुलाशी त्यावर बोललो” म्हणणाऱ्यांवर मी जास्त विश्वास ठेवेन. आणि शक्य असेल तर रात्री आठला जा. पाचला सगळे वॉर्ड चांगलेच दिसतात.

रविवारी फोन केलेल्या त्या वडिलांना एवढंच सांगितलं होतं. मंगळवारी रात्री ते जाऊन आले. साडेनऊला पुन्हा फोन.

“मॅडम, तिथल्या मावशी पोरींना नावानं हाका मारतात.”

“बरं.”

“आणि एक पोरगी रडत होती. सिस्टर तिच्याजवळ नुसत्याच बसून होत्या. काही करत नव्हत्या.”

“बरं.”

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, “तिला आम्ही सांगितलंय. रडली, पण येते म्हणाली. तिची आई राहील सोबत. बॅग भरतोय. कपडे कसले द्यायचे?”

“नाडीचं काही देऊ नका. इलॅस्टिकचे पायजमे घ्या, आणि घरूनच घालून आणा. म्हणजे तिथे कुणाला काही काढून घ्यावं लागणार नाही.”