मॅडम, एवढ्या मोठ्या जर्नलला पाठवायची माझी लायकी आहे का?

पीएचडीवाली मुलं माझ्याकडे समुपदेशनाला येतात ती गाईड, पैसे, घरच्यांची कटकट अशी गाऱ्हाणी घेऊन, पण दोन-चार सेशन झाली की बऱ्याच जणांचं खरं दुखणं वेगळंच निघतं, संशोधनाचा पेपर लिहून तयार असतो आणि जर्नलकडे छापायला पाठवायची हिंमत होत नसते. एक केस सांगते, तिला विचारूनच, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ती कल्याणहून यायची. सकाळी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर लेक्चर्स, दुपारी कलिनाच्या लायब्ररीत, मग गर्दीची लोकल आणि घरी केजीतला मुलगा. विषय अर्थशास्त्राचा, उल्हासनगरला घरी बसून जीन्सचे धागे कापणाऱ्या बायका आणि त्यांना पीसमागे मिळणारा रेट. पेपर सहा महिने लॅपटॉपमध्ये पडून. एकीकडे गाईड म्हणतात चांगल्या ठिकाणी पाठव, दुसरीकडे व्हॉट्सअ‍ॅपवर पैसे घेऊन छापणाऱ्या जर्नल्सचे रोज मेसेज, तीन दिवसांत अ‍ॅक्सेप्टन्स, सर्टिफिकेट फ्री. ती म्हणाली, "मॅडम, तिथं पैसे भरून मोकळी होते, निदान इंटरव्ह्यूला दाखवायला एक पेपर तरी होईल, मोठ्या ठिकाणी माझ्यासारखीचं कोण वाचणार?"

मी म्हटलं, ते राहू दे, तुझ्या पेपरात नवीन काय आहे ते सांग, मला अर्थशास्त्र कळत नाही असं धर. आणि बाई जी सुटली! काही बायका मुलांच्या शाळेच्या वहीत मागच्या पानांवर रोज किती पीस कापले याच्या रेघा मारून ठेवतात, ठेकेदाराचा हिशेब आणि वहीतला हिशेब जुळत नाही, आणि जिच्याकडे वही असते ती पैशासाठी भांडू शकते. मी म्हटलं दाखव कुठंय हे. अकराव्या पानावर! आधीची दहा पानं अमुक यांच्या मते, तमुक यांच्या मते, आणि शेवटी "सदर अभ्यास हा एक छोटासा प्रयत्न आहे". अगं, तूच छोटासा म्हणालीस तर एडिटर कशाला मोठा म्हणेल?

पेपर कसा लिहायचा हे शिकवणं माझं काम नाही, ते गाईडचं. पण नकार म्हणजे आपल्या अकलेवरचा शेरा ही जी गाठ असते ती सोडवणं माझं काम आहे, आणि तिथं कोरडा धीर देऊन भागत नाही, पद्धत नीट माहीत असावी लागते. तिच्याच विषयातलं उदाहरण दिलं, जॉर्ज अ‍ॅकरलॉफचा जुन्या गाड्यांच्या बाजारावरचा पेपर तीन नावाजलेल्या जर्नल्सनी परत पाठवला, १९७० मध्ये चौथ्या ठिकाणी छापून आला आणि २००१ मध्ये त्याच कामासाठी नोबेल. ती हसली, "मॅडम, मी कुठं अ‍ॅकरलॉफ!" नसशील, पण एडिटर नाही म्हणतो तेव्हा तो त्या जर्नलपुरतं नाही म्हणतो एवढं तरी कळलं ना.

मग कागदावर तीन जर्नल्सची उतरंड लिहून घेतली, पाठवायच्या आधीच, म्हणजे नकार आला की रडत बसून पुढचं शोधायला नको. नावं कुठून काढायची तर स्वतःच्याच संदर्भयादीतून, आपण ज्यांचे पेपर वाचून शिकलो ते जिथं छापून आले तिथलेच वाचक आपले. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवायचं, दोन ठिकाणी एकदम पाठवणं चालत नाही. आणि सगळ्यात वरून सुरुवात करायला फार काही लागत नाही, कारण एडिटरला पेपर आपल्या कामाचा वाटला नाही तर तो रिव्ह्यूला, म्हणजे विषयातल्या जाणकारांकडे तपासायला, न पाठवता बहुतेक वेळा काही दिवसांत-आठवड्यांत परत करतो. महिने जातात ते रिव्ह्यूला गेल्यावर, पण तेव्हा विषयातली दोन माणसं फुकटात तुमचा पेपर बारकाईने वाचत असतात.

पण कायम टॉपलाच पाठवा असं सरसकट सांगणारे मला पटत नाहीत. फेलोशिप संपत आली असेल, नोकरीचा फॉर्म तोंडावर असेल तर मधल्या पायरीपासून सुरू करा, त्यात कमीपणा कसला? थीसिस सबमिट करायच्या आधी पेपर छापलेला हवाच ही अट यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ च्या नियमांत काढली, तरी आपल्या विद्यापीठाचा नियम काय ते एकदा ऑफिसात विचारून घ्या. २०२५ मध्ये यूजीसीने केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नल्सची यादीही बंद केली, त्यामुळे जर्नल पारखायची जबाबदारी आता जास्तच आपल्यावर आहे. फी घेतात म्हणून सगळे फसवे नसतात, चांगली ओपन अ‍ॅक्सेस जर्नल्सही (कोणालाही फुकट वाचता येतात अशी) घेतात. पण पेपर वाचायच्या आधीच अ‍ॅक्सेप्टन्सची तारीख देतो त्याच्याकडे वाचणारं कोणी नसतं, सरळ ब्लॉक करा.

तिने वही पहिल्या पानावर आणली, छोटासा प्रयत्न काढून टाकला आणि पाठवला. पहिल्या ठिकाणाहून नकार लवकरच आला, दोन ओळींचा, विषय आमच्या कक्षेत बसत नाही म्हणून. दोन दिवस फोन उचलला नाही तिने, मग यादीतल्या दुसऱ्याला पाठवून मोकळी झाली. तिथून मेजर रिव्हिजन आलंय, म्हणजे मोठ्या दुरुस्त्या करून परत पाठवा. एक रिव्ह्यूअर चांगलं म्हणतोय, दुसरा विचारतोय वह्यांमधले आकडे खरे कशावरून, ठेकेदाराची बाजू कुठंय. "मॅडम, हा दुसरा फार खडूस आहे, पण बरोबर विचारतोय हो," असं म्हणाली. आता मुलाला सुट्टीत आजोळी पाठवून ती परत उल्हासनगरच्या फेऱ्या मारतेय, ठेकेदार बोलायला तयार होत नाहीयेत, एक झालाय.