लातूरला सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी धरणाचं पाणी आणलं तर टंचाई संपेल, की आहे तेच पाणी वाचवायला हवं?

मी लातूरकर, त्यामुळे उत्तर जरा तिखट लागेल.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलं. पाण्याच्या टाक्यांपाशी मारामाऱ्या नकोत म्हणून मार्चमध्ये जमावबंदीचं कलम १४४ लागलं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, १० डबे, ५ लाख लिटर. पुढे ५० डब्यांची गाडी सुरू झाली. आमच्या गल्लीत टँकरच्या नंबराला आदल्या रात्रीच टिपाडं मांडायचे आणि चोरीला जाऊ नयेत म्हणून साखळीनं खांबाला बांधायचे. भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं संडासाला. अशात कुणी 'दात घासताना नळ बंद ठेवा' सांगायला लागलं की हसू यायचं. नळाला पाणी होतंच कुठं?

एरवी आम्हीही सांडतो, नाही असं नाही. नळ आठ-दहा दिवसांनी येतो, म्हणून दिसेल ते भांडं भरून ठेवायचं आणि पुढचं पाणी आलं की उरलेलं 'शिळं' म्हणून मोरीत ओतायचं. रोज तासभर पाणी द्या, ही सवय आपोआप जाईल.

पण खरा हिशोब शिवारात आहे. हेक्टरभर उसाला पाटानं दोन कोटी लिटरच्या आसपास पाणी लागतं. म्हणजे एकरी ८० लाख. ५० डब्यांची गाडी २५ लाख लिटर आणायची. एक एकर ऊस पिकवायला तशा तीन गाड्या! आणि याच मांजराच्या काठावर ऊस उभा आहे. ठिबक करा म्हणतात, करावंच. पण वाचलेल्या पाण्यावर बांधापलीकडचा तुकडाही उसाखाली येतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता उजनी. एकूण साठा ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे दरवाजातून आपोआप बाहेर न येणारं तळाचं पाणी. आमच्याकडे रेल्वे आली त्या उन्हाळ्यात उजनीसुद्धा मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्यात गेलेलं होतं. दुष्काळ जिल्ह्याची हद्द बघून पडत नाही, आणि सोलापूरकरांनी त्यांच्या तोंडचं पाणी का द्यावं? तरीही पाइपलाइन व्हावी असं मला वाटतं, फक्त पिण्यासाठी आणि वाटेत पाणी काढून घ्यायला एकही व्हॉल्व्ह न ठेवता. त्याआधी मांजरातलं पिण्याचं पाणी राखून ठेवा, ते पावसाळा संपताच, मार्च उजाडल्यावर नाही.

हे सगळं मी मामाला ऐकवलं. त्यांचा चार एकर ऊस आहे. ते म्हणाले, "कारखाना ऊस नेतो, एफआरपी म्हणजे सरकारनं बांधलेला किमान भाव देतो. तुरीचा असाच भाव बांधून दे, उद्या खोडवा (तोडीनंतर पुन्हा फुटलेला ऊस) मोडतो." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.