मोकाला जाशील तेव्हा

प्रिय मुली,

तुझी मेल येऊन आठ दिवस झाले. "मॅडम, ओसीआय कार्ड काढू का?" एवढंच विचारलं असतंस तर त्याच दिवशी कळवलं असतं. पण खाली आणखी एक ओळ होती, दोनदा खोडून लिहावी तशी: "काढलं तर मी माझ्या देशाशी बेइमान ठरेन का?" त्या ओळीने आठ दिवस खाल्ले.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. काढ. मार्च २०२४ मध्ये मॉरिशसमधल्या भारतवंशीयांना सातव्या पिढीपर्यंत हे कार्ड द्यायची घोषणा झाली, तेव्हापासून तुझ्या घरात त्यावर वाद चालू आहेत हे तुझ्याच पत्रांतून कळतं. ओसीआय म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया'; नावात 'नागरिक' हा शब्द आहे म्हणून तुझे काका बिथरले असतील. पण त्यावर मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. जन्मभराचा व्हिसा समज. पुण्यात असताना परदेशी विद्यार्थी म्हणून कागद घेऊन किती खेटे घातलेस, मला माहीत आहे. ते वाचत असतील तर त्यात कसली आली बेइमानी?

दुसऱ्या प्रश्नाआधी एक कबुली द्यायची आहे. तू पहिल्या दिवशी वर्गात आलीस तेव्हा मी मोठ्या उत्साहात म्हणाले होते, "ही आपली मुलगी, दीडशे वर्षांनी घरी परत आली." पोरांनी टाळ्या वाजवल्या. तू खाली मान घालून बाकावरचा कर्कटकाने कोरलेला बाण बघत बसलीस. पुढे चार महिन्यांनी, माझ्या स्वयंपाकघरात दालपुरी लाटता लाटता, तू म्हणालीस, "मॅडम, मी घरी नव्हते आले. कॉलेजला आले होते." मी तव्याकडे बघत राहिले. तीस वर्षं मराठी शिकवून मला 'आपली' या शब्दाचं वजन कळलं नव्हतं. तो शब्द प्रेमानं येतो आणि समोरच्याचं घर परस्पर बदलून टाकतो.

म्हणून आता सांभाळून लिहिते. तू कोण, हे मी सांगणार नाही. पण तुला विचारणारे खूप आहेत आणि प्रत्येकाच्या हातात वेगळा फॉर्म आहे, तेवढं बघून ठेव. तुमच्याकडे बोलण्यात 'हिंदू' म्हणजे भोजपुरी-हिंदीवाले; तमिळ वेगळे, तेलुगू वेगळे, आपण मराठी वेगळे. हे तू पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा आमचा अख्खा स्टाफरूम चक्रावला होता. तुमच्या राज्यघटनेत मात्र चारच कप्पे आहेत: हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि 'जनरल पॉप्युलेशन'. तिथे मराठी माणूस हिंदूंत मोजला जातो. ६२ निवडून आलेल्या खासदारांशिवाय जास्तीत जास्त आठ जागा हरलेल्या उमेदवारांना 'बेस्ट लूजर' म्हणून वाटल्या जातात, आणि त्या वाटताना कोणता समाज कमी पडतो याचा हिशेब अजून १९७२च्या जनगणनेवर होतो. त्यानंतर समाज विचारणं जनगणनेनं सोडून दिलं. तुझी आईसुद्धा त्या आकड्यांत नाही!

या पद्धतीवर हसणं सोपं आहे, पण हसू नकोस. १९६७च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के लोकांनी स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला मत दिलं होतं. बहुसंख्यांच्या राज्यात आपलं काय होईल, ही भीती खरी होती. १९६८च्या जानेवारीत पोर्ट लुईत दंगल झाली, आणि दोनच महिन्यांनी, १२ मार्चला, तोच देश स्वतंत्र झाला. अशा घरात सगळ्यांना पंगतीला बसवायचं तर कुणीतरी पानं मोजणारच. माझी तक्रार मोजण्याबद्दल नाही, पन्नास वर्षं तीच पानं मोजत राहण्याबद्दल आहे. उमेदवारी अर्जात आपला कप्पा सांगायला नकार देणारे उमेदवार निघाले, २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनं त्यांच्या बाजूनं मत दिलं, २०१४ मध्ये तात्पुरता कायदा करून त्या एका निवडणुकीपुरती सूट मिळाली. तुझ्या वयाच्या कुणी हे काम पुढे न्यायला हवं. तू नेशील तर मला आवडेल, पण तो आग्रह नाही.

आता चौथ्या कप्प्याबद्दल, कारण मला खरं बोलायचं आहे ते इथे. 'जनरल पॉप्युलेशन' म्हणजे ज्यांच्या जगण्याच्या रीतीवरून ते बाकीच्या तिघांत बसत नाहीत ते सगळे. थोडक्यात, उरलेले. तुझी ती क्रेओल मैत्रीण, जिच्या घरी तू दहावीचा अभ्यास केलास, ती यात. तिचे पूर्वज मादागास्कर, मोझांबिककडून गुलाम म्हणून आणले गेले. ते मालकाच्या मालमत्तेत धरले जायचे. १ फेब्रुवारी १८३५ला गुलामी संपली, आणि त्याच सुमारास आपले गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले भारतीय मजूर, उतरायला लागले. ते ज्या पायऱ्या चढून आत आले, त्या आप्रवासी घाटावर आता युनेस्कोची पाटी आहे. तुमच्याकडे खापरपणजोबांचं गाव शोधायला रजिस्टर आहे. तिच्याकडे कोणतं गाव? आणि तिला कार्ड कोण देणार?

हे कार्ड हातात आलं की ही गोष्ट विसरणं फार सोपं होतं. पूर्वजांची भाषा, पूर्वजांचा देश, पूर्वजांचे सण असं बोलता बोलता माणूस आपल्याच गावात पाहुण्यासारखा राहायला लागतो, आणि ज्याला दुसरीकडे जायला जागाच नाही त्याला मात्र 'उरलेला' म्हणतो. तुझ्या तोंडून एकदा क्रेओलबद्दल "ती काय, मोडकी फ्रेंच" असं निघून गेलं होतं. अगं, तू झोपेत त्याच भाषेत बोलतेस, हॉस्टेलच्या मुलींनीच सांगितलं मला. मराठी तू शिकलीस, छान शिकलीस, जाखडीच्या गाण्यांवर तुझा निबंध मी अजून ठेवला आहे. पण आईनं तुला रागावलं ती भाषा क्रेओल. तिला नावं ठेवू नकोस.

मान कुठे अडकतो, हे तुमच्या नोटांवरून समजतं. १९९८ मध्ये नव्या नोटा आल्या, त्यांवर तमिळ अक्षरं हिंदीच्या खाली गेली होती. तमिळांनी एवढा आवाज उठवला की नोटा मागे घेऊन पुन्हा छापाव्या लागल्या. एका ओळीसाठी! बाहेरच्याला वेडेपणा वाटेल. पण आपण बेळगावच्या पाट्यांवरून काय काय केलं ते आठवून मी गप्प बसते.

आता कामाचं. कार्डासाठी मूळ सिद्ध करायला मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जावं लागेल, गिरमिटियांच्या नोंदी तिथे आहेत. घरातली जुनी जन्मपत्रं, लग्नाचे दाखले आधी गोळा कर. खापरपणजोबांचा इमिग्रंट नंबर मिळाला तर शोध झटपट होईल. आडनावावर भिस्त ठेवू नकोस. तुमच्याकडे अनेकांचं आडनाव म्हणजे बोटीतून उतरलेल्या माणसाचं नुसतं नाव, कारकुनानं ऐकलं तसं लिहिलेलं. रजिस्टरात बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, जिल्हा आणि गाव असतं. नशीब असेल तर फोटोही. 'जात' या रकान्यापाशी घरातली मोठी माणसं एकतर फुगतील नाहीतर गप्प होतील. तू दोन्ही करू नकोस, पुढचा रकाना वाच.

त्या दिवशी मैत्रिणीलाही बरोबर घेऊन जा. ती यायला तयार असेल तरच. तिला विचारताना "बघ, आमचं कसं सापडतं" असा सूर लागू देऊ नकोस. परत येताना बाजारात दालपुरीची जोडी घ्या. मी केली होती तशी जाड नव्हे.

गावाचं नाव मिळालं की फोटो काढून पाठव. इंग्रजी स्पेलिंगमध्ये रत्नागिरीचंही काहीच्या काही होतं, तेव्हा मी गॅझेटिअर काढून बसेन. लागलं तर कळवते. नाही लागलं तर तेही कळवते.

तुझी,
मॅडम